आधुनिकता आणि आधुनिकतावाद : एका शाळामास्तराचा खुलासा



गेल्या दिवाळीत माझी पुतणी पुण्याहून आमच्या कोंडाण्यास आली होती. ती महाविद्यालयात मराठी हा विषय घेऊन शिकते. रात्रीची जेवणे आटोपल्यावर आम्ही ओटीवर बसलो असता ती सहज म्हणाली, "काका, तुम्ही इतके आधुनिक. मुलीला मुलाइतकेच शिकविलेत, मुलाच्या लग्नात हुंडा घेतला नाहीत. मग तुम्हाला मर्ढेकरांची आधुनिक कविता कशी आवडत नाही?" मी म्हटले, "अग, आधुनिक असणे निराळे आणि दुर्बोध असणे निराळे." उत्तर तोंडात तयार होते म्हणून दिले. वर्गात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाजवळ अशी तयार उत्तरे पुष्कळ असतात, आणि मुले ती ऐकून गप्प बसतात म्हणून ती बरोबर आहेत असा त्याचा समज होऊन बसतो.

परंतु अंथरुणावर पडल्यावर ते उत्तर मला खुपू लागले. दरीपलीकडून घाट चढणाऱ्या मालगाडीची घरघर येत होती. माझ्या मनात आले, की पोरीच्या बोलण्यात 'आधुनिक' हा शब्द दोनदा आला आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एक नव्हता. पहिल्या आधुनिकात माझी स्तुती होती. दुसऱ्या आधुनिकात अशी काही वस्तू होती, की जी मजसारख्या पहिल्या अर्थाच्या आधुनिकाला मुळीच मानवत नाही. शब्द एकच असल्यामुळे आम्हा दोघांनाही घोटाळा कळला नाही.

तेव्हापासून मी या एका शब्दाचा पाठपुरावा करीत आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक मनुष्य. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान मला कोणी शिकविलेले नाही. जे समजले ते पुस्तके वाचून, पुतणीशी फोनवर वाद घालून, आणि पुष्कळसे आमच्याच तालुक्याकडे पुन्हा पाहून समजले. तेवढेच आज आपणापुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम शब्द पाहू. संस्कृतात 'अधुना' म्हणजे आता, सांप्रत; त्यावरून 'आधुनिक', म्हणजे आताचा. मौज अशी की, लॅटिन भाषेतही हाच प्रकार घडला. तिच्यात 'मोदो' म्हणजे नुकताच, आत्ताच. त्यावरून पाचव्या शतकाच्या अखेरीस 'मोदेर्नुस' असा शब्द निघाला, आणि तोच पुढे इंग्रजीत 'मॉडर्न' झाला. म्हणजे हा शब्द आगगाडीहून तेराशे वर्षांनी वडील आहे! पुष्कळ काळ त्यात स्तुतीही नव्हती आणि निंदाही नव्हती. किंबहुना जुने ते थोर व आताचे ते उणे असेच युरोपातील विद्वान मानीत. सतराव्या-अठराव्या शतकांत हा तराजू उलटा झाला. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1637 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परंपरेने हाती आलेल्या प्रत्येक मतावर संशय घेऊन पाहण्याची रीत सांगितली. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1784 मधील एका निबंधात असे प्रतिपादन केले, की मनुष्याने दुसऱ्याच्या बुद्धीने चालण्याचे पोरपण टाकून स्वतःच्या बुद्धीने विचार करण्याचे धैर्य करावे. तेव्हापासून 'आताचा' याचा अर्थ 'पूर्वीहून पुढे गेलेला' असा होऊ लागला. हा विचार, त्याच्या जोडीला शास्त्रीय शोध, वाफेचे यंत्र, कारखाना, वर्तमानपत्र, सर्वांना सारखा कायदा आणि घड्याळाने मोजलेली मजुरी, या सर्वांनी मिळून माणसाच्या जगण्याला जी नवी अवस्था आली तिला पाश्चात्त्य लोक 'मॉडर्निटी' म्हणतात. आपण आधुनिकता म्हणू.

ही व्याख्या पाठ करण्यापेक्षा कर्जत स्टेशनावर उभे राहून पाहिलेली बरी. 1853 च्या एप्रिलमध्ये मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी धावली. 1856 मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला, आणि त्याच साली बोरघाट फोडण्याचे काम सुरू झाले. ते 1863 मध्ये पुरे झाले. पंचवीस बोगदे, आणि ऐन भरात एका वेळी 40,000 हून अधिक मजूर. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा 1859 मध्ये येथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून मरण पावला. पुढचे काम त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल या बाईने, तडीस नेले. तिचे नाव इतिहासात राहिले हे ठीकच झाले. पटकीने व अपघाताने जे हजारो मजूर गेले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

गाडीबरोबर घड्याळ आले. त्यापूर्वी आमच्या खोऱ्यात वेळ सावलीवरून, कोंबड्याच्या आरवण्यावरून आणि जनावरे परतण्यावरून ओळखीत. गाडी मात्र मिनिटांवर चालते. आणि हे घड्याळ तरी एकच होते असे समजू नका. 1906 मध्ये हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरली. परंतु मुंबई शहराने ती पुरती मानली नाही, आणि 1955 पर्यंत शहरातील पुष्कळ घड्याळे प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागेच चालत राहिली. पुढे वीज आली. घाटमाथ्यावर पावसाचे पाणी धरणांत साठवावयाचे, ते प्रचंड नळांतून खाली सोडावयाचे आणि पायथ्याशी चक्रे फिरवून वीज काढावयाची, अशी ही योजना. खोपोलीचे केंद्र 1915 मध्ये आणि आमच्या तालुक्यातील भिवपुरीचे 1922 मध्ये सुरू झाले. ती वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना गेली.

यांतील कोणतीही गोष्ट आमच्या आज्या-पणज्यांना विचारून आली नाही. आधुनिकता ही पावसासारखी आहे. तुम्ही तिच्या बाजूचे असा वा विरुद्ध असा, भिजल्यावाचून सुटका नाही. परंतु ती केवळ यंत्रे घेऊन आली असेही नव्हे. तिच्याबरोबर एक वचन आले होते. 1832 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, 1848 मध्ये जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, त्याच साली लोकहितवादींची शतपत्रे छापली जाऊ लागली, 1888 मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढले. या सर्वांचा विश्वास असा, की बुद्धीच्या मार्गाने चालल्यास मनुष्य आजच्याहून उद्या अधिक स्वतंत्र व अधिक सुखी होईल. मी ज्याला माझे आधुनिक विचार म्हणतो ते याच मंडळींचे उसने घेतलेले आहेत.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळतो. शिक्षकाला सनावळीची खोड असते. बोरघाट ज्या 1863 साली खुला झाला, त्याच साली पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात बोदलेर या फ्रेंच कवीचा एक लेख क्रमशः छापून आला. विषय होता एका चित्रकाराचा, परंतु त्या निमित्ताने बोदलेरने 'मोदेर्निते' हा शब्द पुढे आणला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की कलेचे अर्धे अंग चिरंतन असते आणि अर्धे क्षणभंगुर. आजच्या शहरात, आजच्या गर्दीत, आजच्या पोषाखात जे भुर्रकन उडून जाणारे आहे ते ज्या कलावंताला पकडता येत नाही, त्याची कला पोकळ राहते. इंजिनियर घाटातून रूळ टाकीत होते, आणि तिकडे एक कवी विचारीत होता, की हे असे जग झाल्यावर आता कविता कशी लिहावयाची? एक आधुनिकता घडवीत होता आणि दुसरा तिला जाब देत होता. माझ्या समजुतीप्रमाणे या दोन शब्दांतील अंतर ते हेच. आधुनिकता ही माणसावर आलेली अवस्था. आधुनिकतावाद, ज्याला पाश्चात्त्य 'मॉडर्निझम' म्हणतात, तो तिला काही माणसांनी दिलेला जबाब. आणि तो जबाब पुष्कळदा भांडणाचा आहे.

'वाद' हा प्रत्यय लागला, की शब्दाला पक्ष येतो. आयरिश लेखक स्विफ्ट याने 1737 मधील एका पत्रात 'मॉडर्निझम' हा शब्द वापरला तो भाषा बिघडविणाऱ्या नव्या टूम म्हणून, म्हणजे चक्क शिवी म्हणून. 1907 साली दहावे पायस या पोपनी एक आज्ञापत्र काढून 'मॉडर्निझम'चा निषेध केला. तेथे त्याचा अर्थ धर्मग्रंथांकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहणारे पाद्री असा होता. त्याच 1907 साली पॅरिसमध्ये पिकासोने पाच स्त्रियांचे ते चित्र रंगविले, ज्यातील देहांना कोन आणि कंगोरे फुटले आहेत. आणि आमच्याकडे त्याच साली नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. या तिन्हींचा एकमेकांशी कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणत नाही. परंतु 'नवे' या एका शब्दाखाली किती परस्परविरुद्ध गोष्टी एकाच साली नांदत होत्या हे ध्यानात यावे.

साहित्य-कलांतील आधुनिकतावाद खरा फोफावला तो 1914 ते 1918 च्या महायुद्धानंतर. ज्या विज्ञानाने सुखाचे वचन दिले त्याच विज्ञानाने विषारी वायू आणि यांत्रिक तोफा दिल्या. बुद्धीच्या मार्गाने उद्या आजच्याहून बरा होईल हा विश्वास खंदकांत गाडला गेला. 1922 साली, म्हणजे आमच्या भिवपुरीची चक्रे फिरू लागली त्या साली, एलियट या कवीची 'वेस्ट लँड' ही दीर्घ कविता आणि जॉइसची 'युलिसिस' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. दोहोंची रीत अशी, की गोष्ट सरळ सांगावयाची नाही. तुकडे शेजारी-शेजारी ठेवावयाचे. रस्त्यावरचे बोलणे, जुन्या ग्रंथांतील ओळी, जाहिरात, प्रार्थना, सर्व काही एकाच पानावर. वाचक म्हणतो, हे तुटलेले आहे. कवी म्हणतो, तुटलेले जग अखंड वाक्यात सांगितले तर ते खोटे होईल. वर्षानुवर्षे मुलांना कर्ता, कर्म, क्रियापद शिकविलेल्या माणसाला हे पचावयास जड जाते, हे मी कबूल करतो.

येथे एक सावधगिरी. आधुनिकतावादी म्हणजे यंत्राचा वैरी, असे समीकरण मांडून चालत नाही. इटलीतील मारिनेत्ती व त्याच्या मित्रांनी 1909 मध्ये जाहीरनामा काढून मोटारीच्या वेगाची आरती गाइली. तेही आधुनिकतावादीच, आणि त्यांनी युद्धाचीही स्तुती केली हे विसरता येत नाही. उलट एलियट हा धर्माने व राजकारणाने जुन्या वळणाचा. त्याने कित्येक वर्षे लंडनमधील एका बँकेत नोकरी केली, रोज सकाळी घड्याळाबरोबर कचेरीत गेला, आणि राजसत्तेचा व ख्रिस्ती संप्रदायाचा उघड पुरस्कार केला. कलेत क्रांतिकारक, मतांत सनातनी! माझा संसार आधुनिक आणि माझी आवड जुनी, ही विसंगती घेऊन मला वर्षभर लाज वाटत होती. नेमकी उलटी विसंगती घेऊन एवढा मोठा कवी सुखाने जगला हे वाचून मला थोडे बरे वाटले.

याच्या उलट टोकाचे उदाहरण घाटावरचेच देतो. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत जर्मन यंत्रे आणून चित्रांचा छापखाना काढला, आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे नेला. तेथून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला हजारोंनी छापून गाडीने देशभर गेल्या. आमच्या आजोबांच्या देवघरातील लक्ष्मी तशीच छापील होती. तिच्या कमळाला काच लावलेली होती, एवढे मला आठवते. यंत्र आधुनिक, व्यापार आधुनिक, ज्याला देवळात प्रवेश नव्हता त्याच्याही घरात देवाचे चित्र पोचले हा परिणाम तर अतिशय आधुनिक. परंतु त्या चित्रात आधुनिकतावाद तिळमात्र नाही. ते जगाशी भांडत नाही. पुढे 1947 मध्ये मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे या तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापला तेव्हा ते भांडण आपल्याकडील चित्रकलेत उघड्यावर आले. रविवर्म्याच्या लक्ष्मीस ओवाळणारी माणसे सूझाच्या चित्रापुढे दचकली, ती ती जुनी होती म्हणून नव्हे; त्यांना चित्राने आपल्याशी भांडावे अशी सवयच नव्हती.

आमच्या गावाला लेणी आहेत हे आपणांपैकी काहींना ठाऊक असेल. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे, की कण्हाच्या बलक नावाच्या शिष्याने हे केले. मी दरवर्षी मुलांना तेथे नेत असे, आणि दरवर्षी कोणीतरी मुलगा तोच प्रश्न विचारी : "गुरुजी, दगडात वासे कशाला?" प्रश्न बिनतोड आहे. दर्शनी भागावर लाकडी कठड्यांची, तुळयांची, खुंट्यांची हुबेहूब नक्कल आहे. दगडाला वाशांची गरज नाही. डोंगर आपोआप उभा आहे. परंतु कारागिरांचा हात लाकडी घरे बांधण्यात मुरलेला होता. साहित्य नवे मिळाले तरी मनातील घर जुनेच राहिले. घाटापलीकडे कार्ल्याच्या चैत्यात तर दगडी छताला खरोखरीचे लाकडी वासे बसविलेले आजही आहेत.

वीस शतकांनंतर इंग्रजांनी याहून निराळे केले नाही. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, 1888 मध्ये पुरे झाले. आत लोखंडी रूळ आणि वाफेची इंजिने, बाहेर मध्ययुगीन चर्चचे मनोरे. युरोपातील आधुनिकतावादी स्थापत्यकारांचा आक्षेप नेमका यालाच होता. व्हिएन्नाच्या लोस या स्थापत्यकाराने तर अलंकरणाला गुन्ह्याच्या पंक्तीस बसविले. लोखंडाने लोखंडासारखे दिसावे, सिमेंटने सिमेंटसारखे. दगडात वासे नकोत. ऐकावयास हे पटते. परंतु आमच्या लेण्यापुढे उभे राहिले, की मी लोसच्या बाजूचा राहत नाही. त्या दगडी वाशांत खोटेपणा मला दिसत नाही. घर सोडून डोंगरात आलेल्या माणसांना घराची आठवण राहिली, इतकेच मला दिसते. असो. हे माझे मत झाले, आणि माझ्या पुतणीला ते मान्य नाही.

कवितेच्या बाबतीत आपल्याकडे याच घोटाळ्याने एका माणसाला न्यायालयापर्यंत नेले. केशवसुतांना आपण आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतो, ते योग्यच आहे. तेही माझ्यासारखे मॅट्रिक व शिक्षक. 1893 च्या 'तुतारी'त त्यांनी जुन्याला मूठमाती देऊन नव्या युगाला हाक घातली. त्यांचा उद्यावर विश्वास होता. ते आधुनिक होते, आधुनिकतावादी नव्हते. खानदेशात ज्या फैजपुरास त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत शिक्षकी केली, त्याच गावी त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1909 मध्ये, बाळ सीताराम मर्ढेकरांचा जन्म झाला. त्यांचा 'काही कविता' हा संग्रह 1947 मध्ये निघाला. मधल्या काळात दुसरे महायुद्ध होऊन गेले होते. त्या कवितांत गिरणी आहे, लोकलगाडी आहे, इंग्रजी शब्द आहेत, पिंपात मेलेले उंदीर आहेत. आणि त्यांत तुतारीतील उद्या कोठे सापडत नाही. 1948 मध्ये सरकारने त्या कवितांवर अश्लीलतेचा खटला भरला. 1952 मध्ये ते निर्दोष सुटले. मजेची गोष्ट अशी, की बोदलेरवरही 1857 मध्ये पॅरिसमध्ये असाच खटला होऊन त्याला 300 फ्रँक दंड झाला व सहा कवितांवर बंदी आली होती. ती बंदी फ्रान्सच्या न्यायालयाने उठविली 1949 मध्ये, म्हणजे मुंबईत मर्ढेकरांवरील खटला उभा होता त्याच काळात. आणि मर्ढेकर तेव्हा नोकरीस कोठे होते? याच आकाशवाणीत, जिच्यावरून मी आता बोलत आहे.

आमच्या शिक्षकांनी आम्हांला सांगितले, की हे इंग्रजीची नक्कल करणारे कवी. आणि मी माझ्या मुलांना तेच सांगितले. पुतणीच्या आग्रहावरून या वर्षी मी तो संग्रह प्रथमच सबंध वाचला. तेव्हा कानाला जे ऐकू आले त्याने मी चकित झालो. कित्येक कवितांची चाल ओवीची आणि अभंगाची आहे! यंत्राने भरडल्या जाणाऱ्या माणसाची कहाणी सांगावयास या कवीने विलायती वृत्ते घेतली नाहीत. तो जात्यावरच्या आणि भजनाच्या लयीकडे परत गेला. 'तुतारी'च्या कवीने इंग्रजीतून चौदा ओळींचा काव्यप्रकार मराठीत आणला, आणि त्याला आपण आपला म्हणतो. मर्ढेकर ज्ञानोबा-तुकोबांच्या लयीत बोलले, आणि त्यांना परका म्हणतो. एलियटनेही आपल्या त्या तुटक्या कवितेचा शेवट उपनिषदांतील शांतिमंत्राच्या शब्दाने केला आहे. आधुनिकतावाद म्हणजे जुन्याचा त्याग, ही माझी व्याख्या तेथेच कोलमडली.

मी पुतणीला फोन करून म्हटले, "तुझे बरोबर होते. मला ती कविता कळत नव्हती असे नाही. ती माझ्या विश्वासाला प्रश्न विचारीत होती, म्हणून मी ती दुर्बोध ठरविली." ती हसली, आणि म्हणाली, "काका, मग आता तुमचा विश्वास गेला का?"

नाही, गेला नाही. आणि का गेला नाही हे सांगितल्यावाचून हा विषय माझ्यापुरता पुरा होत नाही. आमच्याच जिल्ह्यात महाडला 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. सार्वजनिक पाणी सर्वांचे, हा मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये केलेला ठराव. आधुनिकतेने कागदावर दिलेले ते वचन. ते कागदावरून तळ्यावर आणण्यासाठी माणसांना मार खावा लागला. आधुनिकतेचा कंटाळा येण्यास ती आधी मिळावी लागते. ज्याच्या ओंजळीत अजून पाणी आले नाही त्याला पाण्याच्या चवीविषयी तक्रार करा असे कोण सांगेल? म्हणून 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपीठा' आला तेव्हा त्यातील संताप पॅरिसच्या संतापाहून निराळा होता. भाषा मोडण्याची रीत पाहिली तर ते आधुनिकतावादी; पण त्यांचे भांडण वचनाशी नव्हते, वचन मोडणाऱ्यांशी होते. पाश्चात्त्य ग्रंथांतील व्याख्या येथे अपुरी पडते असे मला वाटते.

आता ज्या कारणासाठी मी हे भाषण द्यावयाचे कबूल केले ती गोष्ट. तीसेक वर्षांपूर्वी मी सातवीच्या वर्गास 'विजेचे उपयोग' हा निबंध घातला होता. फळ्यावर लिहून दिले होते : कमीत कमी सहा उपयोग क्रमांक घालून लिहावेत. जवळच्या ठाकरवाडीतील एका मुलाने वहीत एकापासून सहापर्यंत आकडे घातले आणि प्रत्येक आकड्यापुढे जागा कोरी सोडली. आकड्यांच्या मधल्या ओळींत मात्र लिहिले होते. पावसात आमच्या घरावरची तार गुणगुणते. आजी तिला विचारते, तू कुठे जातेस. ती सांगत नाही. बाबा तारेच्या वाटेने मुंबईला गेला. आमच्या घरात चिमणी आहे, तिची काच फुटली आहे. तार आम्हाला ओळखत नाही. शेवटी सहाचा आकडा, आणि पुढे काही नाही.

मी तांबड्या शाईने शेरा लिहिला : 'विषयांतर. सहा उपयोग लिहिणे आवश्यक होते.' दहांपैकी दोन गुण दिले, ते अक्षर बरे होते म्हणून. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. पुढे शिक्षकांच्या एका वर्गात मी तोच निबंध चुकीच्या उत्तराचा नमुना म्हणून वाचून दाखविला. सर्वजण हसले. मीही हसलो.

निवृत्तीच्या वेळी कपाट रिकामे करताना ती वही पुन्हा हाती आली, आणि मी ती घरी आणली. या वर्षी एलियट व मर्ढेकर वाचून झाल्यावर तिच्याकडे पाहिले, तेव्हा ते रिकामे सहा आकडे मला प्रथमच वाचता आले. त्या मुलाला आधुनिकतावादी म्हणण्याचा आचरटपणा मी करणार नाही. त्याने ना बोदलेर ऐकला होता ना मर्ढेकर. परंतु वचन डोक्यावरून तारेने निघून जाते आणि खाली काळोख असतो, हे सांगावयास मी फळ्यावर दिलेला साचा त्याला पुरेना, म्हणून त्याने तो मोडला. आधुनिकतेचा पाईक म्हणून मी उपयोग मोजीत होतो, आणि त्याने दिलेला जबाब माझ्या हातात असूनही मी तो विषयांतर म्हणून खोडला.

गेल्या महिन्यात तो मला कर्जत स्टेशनावर भेटला. आता तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे, बदलापूरकडे कामाला जातो. वाडीत वीज येऊन पुष्कळ वर्षे झाली, मुलगी बारावीला आहे, असे सांगत होता. मी त्याला वहीची गोष्ट सांगितली, मी केलेले हसणेही सांगितले, आणि क्षमा मागितली. त्याला काही आठवेना. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "गुरुजी, ते मी कुठे लिहिलं? ते तर आजी बोलायची." तेवढ्यात त्याची गाडी फलाटास लागली.